परिवहन-निरपेक्षतेचे आश्वासन आणि वास्तव : सी भाषेतील ‘गेटनेटकॉन्फिग’ फंक्शनसमूहाची चिकित्सा

सारांश

संगणकप्रणालीत कोणकोणते परिवहन-मार्ग उपलब्ध आहेत याची नोंद ‘नेटकॉन्फिग’ या फाइलमध्ये असते. ती नोंद वाचण्यासाठी सी भाषेत ‘गेटनेटकॉन्फिग’ हा लायब्ररी फंक्शनांचा समूह उपलब्ध आहे. जाळ्याची निवड प्रोग्रॅमच्या मजकुरात न करता प्रणालीच्या नोंदींवर सोपवावी, हा या समूहामागील मूळ विचार होय. प्रस्तुत लेखात या समूहाची रचना, त्यातील संज्ञांचा इतिहास, त्रुटी कळविण्याची पद्धती आणि सॉकेटवर आधारित प्रणालींत त्याला प्राप्त झालेले रूप यांची चिकित्सा केली आहे. मूळ प्रणालीत या फाइलद्वारे नवा मार्ग जोडता येत असे. आजच्या प्रचलित प्रणालींत तिच्याद्वारे मार्ग वगळता येतो, परंतु जोडता येत नाही, असे या चिकित्सेतून दिसून येते.

बीजसंज्ञा : सी भाषा, नेटकॉन्फिग, परिवहन-निरपेक्षता, दूरस्थ कार्यवाहन, लायब्ररी फंक्शन, इंटरफेस.

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीची समीक्षा करताना आशय आणि अभिव्यक्ती यांचे परस्परनाते तपासले जाते. लायब्ररी फंक्शनांच्या बाबतीत अशी दृष्टी क्वचितच वापरली जाते. फंक्शन चालते किंवा चालत नाही, एवढ्यावर चर्चा थांबते. वस्तुतः प्रत्येक इंटरफेस हे एक विधान असते. निर्णय कोणी घ्यावा, चूक झाल्यास कोणी सांगावे, मेमरीची मालकी कोणाकडे राहावी, याविषयीची रचनाकाराची भूमिका फंक्शनांच्या नावांत, परतीच्या मूल्यांत आणि स्ट्रक्चरच्या घटकांत व्यक्त होत असते.

या दृष्टीने ‘गेटनेटकॉन्फिग’ समूह विशेष अभ्यसनीय आहे. तो आकाराने लहान आहे. ‘सेटनेटकॉन्फिग’, ‘गेटनेटकॉन्फिग’ आणि ‘एंडनेटकॉन्फिग’ ही यादी वाचणारी त्रयी, ‘गेटनेटकॉन्फिगएंट’ व ‘फ्रीनेटकॉन्फिगएंट’ ही एकेक नोंद मिळविणारी व सोडणारी जोडी आणि ‘एनसी-पीएरर’ व ‘एनसी-एसपीएरर’ ही त्रुटी सांगणारी दोन फंक्शने, अशी एकूण सात फंक्शने त्यात आहेत. ‘नेटपाथ’ या पर्यावरण-चलावर चालणारी आणखी तीन फंक्शने त्याला पूरक आहेत. परंतु या लहानशा समूहाने दिलेले आश्वासन मोठे होते. ते कितपत पाळले गेले, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(१) ‘गेटनेटकॉन्फिग’ समूहाची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
(२) समूहाच्या रचनेतील गुणदोषांची आधीच्या व नंतरच्या फंक्शनांशी तुलना करून चिकित्सा करणे.
(३) मूळ प्रणालीकडून सॉकेट-आधारित प्रणालींकडे येताना त्याच्या आशयात झालेला बदल तपासणे.
(४) अध्यापनाच्या दृष्टीने या समूहाचे मूल्य निश्चित करणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.२ बीएसडी या प्रणालीने सॉकेटचा इंटरफेस रूढ केला. त्याच प्रणालीत ‘गेटनेटएंट’, ‘गेटनेटबायनेम’, ‘गेटनेटबायॲडर’ ही जाळ्यांच्या नावांची नोंदवही वाचणारी फंक्शने आली. ‘नेटवर्क्स’ या फाइलमधील नाव व क्रमांक यांची सांगड घालणे एवढेच त्यांचे काम होते. कोणता परिवहन-मार्ग वापरायचा हे ठरविणे त्यांच्या कक्षेत नव्हते. तो निर्णय प्रोग्रॅमर सॉकेट उघडतानाच घेत असे आणि तो प्रोग्रॅमच्या मजकुरात कायमचा कोरला जात असे.

दुसरीकडे एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम व्ही, आवृत्ती ३ मध्ये ‘ट्रान्सपोर्ट लेयर इंटरफेस’ हा वेगळा मार्ग पुढे आला. त्या काळी भविष्यातील जाळी टीसीपी-आयपीची असतील की आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ओएसआय संचाची, याचा निकाल लागलेला नव्हता. ओएसआयचे सात स्तरांचे संदर्भ-प्रतिमान १९८४ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाले होते आणि अमेरिकेच्या संघराज्य शासनाने १९९० पासून आपल्या खरेदीत ओएसआयचा आग्रह धरला होता. १९९५ मध्ये हा आग्रह मागे घेण्यात आला. अशा अनिश्चिततेच्या काळात प्रोग्रॅमला कोणत्याही एका पक्षाशी बांधून न ठेवणे ही व्यावहारिक गरज होती.

या गरजेतून सिस्टिम व्ही, आवृत्ती ४ मध्ये आणि तिच्यावर आधारलेल्या सन कंपनीच्या सोलारिस प्रणालीत ‘नेटकॉन्फिग’ फाइल अवतरली. सनच्या दूरस्थ कार्यवाहन पद्धतीचे परिवहन-निरपेक्ष रूप तिच्यावर उभे राहिले. दूरच्या संगणकावरील कार्य जणू स्थानिक फंक्शनच आहे अशा रीतीने बोलाविणे, हे त्या पद्धतीचे उद्दिष्ट. तो संदेश कोणत्या मार्गाने जातो याची चिंता प्रोग्रॅमरने करू नये, ही त्यात नव्याने पडलेली भर होय.

४. नोंदीचे स्वरूप आणि तिच्यातील संज्ञा

‘नेटकॉन्फिग’ फाइलमधील प्रत्येक ओळ सात घटकांची असते : मार्गाचे नाव, त्याचे सेवास्वरूप, ध्वज, प्रोटोकॉलचे कुल, प्रोटोकॉलचे नाव, यंत्रणेतील उपकरण-फाइल आणि नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या लायब्ररींची यादी. ‘गेटनेटकॉन्फिग’ हे फंक्शन प्रत्येक हाकेसरशी पुढील ओळ वाचून याच सात घटकांचे स्ट्रक्चर परत करते.

या घटकांपैकी दुसरा घटक इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. सेवास्वरूपाचे चार प्रकार तेथे मानले आहेत : जोडणीविरहित सेवा, जोडणीयुक्त सेवा, व्यवस्थित समाप्तीसह जोडणीयुक्त सेवा आणि कच्ची सेवा. यातील दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील भेद आजच्या विद्यार्थ्याला अनावश्यक वाटू शकेल. परंतु ओएसआय परिवहन सेवेत व्यवस्थित समाप्तीची सोय नव्हती आणि टीसीपीत ती होती. दोन्ही पक्षांना एकाच वहीत नोंदवायचे तर हा भेद मांडणे क्रमप्राप्तच होते. म्हणजे एका विस्मृतीत गेलेल्या तांत्रिक संघर्षाची खूण या छोट्याशा संज्ञेत टिकून राहिली आहे. वाद मिटला, पण त्याची परिभाषा राहिली.

परिभाषेच्या या टिकून राहण्याची दुसरी बाजूही आहे. मार्गाविषयी विचारण्याजोगे प्रश्न १९८० च्या दशकाच्या अखेरीस जे होते, तेच या चार प्रकारांत गोठले. एका जोडणीत अनेक प्रवाह नेणारा एससीटीपी हा प्रोटोकॉल २००० मध्ये प्रमाणित झाला, तर क्विक हा प्रोटोकॉल २०२१ मध्ये. त्यांचे वेगळेपण सांगण्यासाठी या परिभाषेत शब्द नाही. गोपनीयतेलाही तेथे जागा नाही. मार्ग कूटबद्ध आहे की उघडा, हा आजचा पहिला प्रश्न त्या काळी प्रश्नच नव्हता. दूरस्थ कार्यवाहनाला टीएलएसचे संरक्षण देणारे आरएफसी ९२८९ हे मानक २०२२ मध्ये आले तेव्हा संरक्षणाची चाचपणी संदेशांच्या देवाणघेवाणीतच करण्याची पद्धती त्यात स्वीकारली गेली.

५. रचनेतील गुण

५.१ हँडलची योजना

‘गेटनेटएंट’ समूहात यादीतील सद्यःस्थान लायब्ररीच्या अंतर्गत भागात राहते. एका प्रोग्रॅममधील दोन भाग एकाच वेळी यादी वाचू लागले, तर एकाचे स्थान दुसऱ्यामुळे हलते. शिवाय परत मिळणारे स्ट्रक्चर स्थिर जागेत असल्याने पुढील हाकेत त्यावर नवा मजकूर लिहिला जाऊ शकतो.

‘गेटनेटकॉन्फिग’ समूहाने ‘सेट, गेट, एंड’ हा जुना घाट कायम ठेवला, पण त्यात एक मूलगामी सुधारणा केली. ‘सेटनेटकॉन्फिग’ हे फंक्शन एक हँडल परत करते आणि पुढील वाचन त्या हँडलच्या आधारे होते. परिणामी दोन स्वतंत्र वाचने शेजारी शेजारी चालू शकतात. प्रोग्रॅमरच्या परिचयाचा घाट न मोडता त्यातील वैगुण्य दूर करणे, हे या रचनेचे श्रेय होय.

५.२ निर्णयाची तीन स्तरांत विभागणी

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. या रचनेत मार्गनिवडीचा अधिकार तिघांत वाटला आहे. प्रणाली-व्यवस्थापक फाइलमध्ये मार्ग नोंदवितो, त्यांचा क्रम लावतो आणि ध्वजाद्वारे काही मार्ग ‘दृश्य’ ठरवितो. वापरकर्ता ‘नेटपाथ’ या चलात आपल्या पसंतीचे मार्ग क्रमाने लिहू शकतो. प्रोग्रॅमर केवळ अपेक्षित सेवेचा वर्ग सांगतो. ‘सीएलएनटी-क्रिएट’ या फंक्शनला विशिष्ट प्रोटोकॉलऐवजी ‘दृश्य’, ‘जोडणीयुक्त’ किंवा ‘जोडणीविरहित’ असा वर्ग सांगितला की लायब्ररी यादीतील मार्ग एकामागून एक अजमावते आणि जो साधेल तो स्वीकारते.

या विभागणीचा लाभ आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या आगमनाच्या वेळी दिसून आला. यादीत ‘टीसीपी६’ व ‘यूडीपी६’ ही नावे दाखल झाली. वर्गाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला आपल्या मजकुरात नव्या पत्त्याचा उल्लेख करण्याची गरज नव्हती. ‘गेटहोस्टबायनेम’च्या आधारे लिहिलेल्या, चौथ्या आवृत्तीचा पत्ता गृहीत धरणाऱ्या प्रोग्रॅमचे मात्र पुनर्लेखन अटळ होते. ‘गेटनेटएंट’ समूहाची स्थिती तर त्याहून बिकट होती. त्यातील जाळ्याचा क्रमांक बत्तीस बिटांच्या घटकात साठविला जात असल्याने नवा पत्ता त्यात मावणेच शक्य नव्हते.

६. रचनेतील दोष

६.१ मौनाची पद्धती

या समूहाचा सर्वांत गंभीर दोष त्रुटी कळविण्याच्या पद्धतीत आहे. ‘गेटनेटकॉन्फिग’ हे फंक्शन यादी संपली की रिक्त पॉइंटर परत करते. फाइलमधील ओळ सदोष असली तरीही ते रिक्त पॉइंटरच परत करते. सर्वसाधारण प्रोग्रॅम ‘रिक्त पॉइंटर येईपर्यंत वाच’ अशा आवर्तनाने लिहिला जातो. समजा, सात ओळींच्या फाइलमध्ये तिसऱ्या ओळीत एक घटक गहाळ झाला. प्रोग्रॅमला पहिल्या दोन ओळी मिळतील, आवर्तन संपेल आणि प्रणालीत दोनच मार्ग आहेत असा निष्कर्ष तो काढील. सदोष ओळीखालील निर्दोष ओळीही त्याच्या लेखी अस्तित्वात नसतील.

त्रुटीचे कारण सांगणारी फंक्शने समूहात आहेत. फाइल न सापडणे, मेमरी अपुरी पडणे, आरंभ न करणे, फाइलचा आकृतिबंध सदोष असणे आणि मागितलेले नाव नसणे, अशी पाच कारणे त्यांना सांगता येतात. पण न विचारता सांगणे त्यांच्या स्वभावात नाही. विचारण्याचा प्रसंग आला आहे हेच ज्याला कळत नाही, तो विचारणार कसा?

‘नेटपाथ’च्या बाबतीत मौन अधिक उघड आहे. त्या चलातील चुकीची किंवा अस्तित्वात नसलेली नावे ‘गेटनेटपाथ’ निमूटपणे वगळते, आणि हे वर्तन त्याच्या अधिकृत वर्णनातच नमूद आहे. ‘टीसीपी’च्या जागी हातून ‘टीपीसी’ लिहिले गेले तर वापरकर्त्याला कोणतीही सूचना मिळत नाही. त्याची पसंती नाकारली गेली हे त्याला कळतही नाही. अधिकार दिला, पण त्याच्या वापराची पोच दिली नाही, असा हा प्रकार आहे. अशा अधिकाराला अर्थ उरत नाही.

६.२ मेमरीच्या मालकीचा संदेह

‘गेटनेटकॉन्फिग’ आणि ‘गेटनेटकॉन्फिगएंट’ ही दोन्ही फंक्शने एकाच प्रकारच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर परत करतात. पहिल्याने दिलेली मेमरी लायब्ररीच्या मालकीची असते आणि शेवटच्या ‘एंडनेटकॉन्फिग’बरोबर ती नाहीशी होते. दुसऱ्याने दिलेली मेमरी मागणाऱ्याच्या मालकीची असते आणि ती ‘फ्रीनेटकॉन्फिगएंट’ने सोडावी लागते. दोन्ही पॉइंटरांचा प्रकार एकच असल्याने त्यांच्यातील भेद कंपायलरला दिसत नाही. यादीतून मिळालेली नोंद चुकून ‘फ्रीनेटकॉन्फिगएंट’कडे दिली, तर एकच मेमरी दोनदा सोडली जाण्याचा धोका निर्माण होतो. उलट, ती नोंद जपून ठेवून हँडल बंद केले, तर हाती राहिलेला पॉइंटर रिकाम्या घराच्या पत्त्यासारखा होतो.

हँडलच्या बाबतीतही असाच शैथिल्याचा दोष आढळतो. ‘सेटनेटकॉन्फिग’ आणि ‘सेटनेटपाथ’ या दोहोंकडून मिळणारी हँडले प्रकारविरहित पॉइंटरच्या रूपात असतात. एकाचे हँडल दुसऱ्याकडे दिले तरी कंपायलर आक्षेप घेत नाही. सी भाषेत अपूर्ण स्ट्रक्चरची घोषणा करून हा दोष टाळणे त्या काळीही शक्य होते. हँडलची योजना करून रचनाकारांनी जे कमावले, त्याचा काही अंश प्रकाराची ओळख पुसून गमावला, असे म्हणावे लागते.

६.३ एकदा वाचलेली यादी

प्रचलित अंमलबजावणीत, निदान एक हँडल उघडे असेपर्यंत, वाचलेल्या नोंदी मेमरीत जपल्या जातात आणि नव्या हँडलला त्याच पुरविल्या जातात. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमने एखादे हँडल बंद केलेच नाही, तर व्यवस्थापकाने फाइलमध्ये केलेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. येथेही दोष योजनेपेक्षा मौनाचा आहे. आपण जुनी प्रत वाचत आहोत हे सांगणारा कोणताही संकेत स्ट्रक्चरमध्ये नाही.

७. स्थलांतर आणि आशयाचा संकोच

वरील दोष गंभीर असले तरी ते दुरुस्त करण्याजोगे आहेत. या समूहाच्या मूळ आश्वासनाशी संबंधित प्रश्न त्याहून खोल आहे आणि तो प्रणाली बदलल्यावर उद्भवतो.

सोलारिसमध्ये नोंदीतील शेवटचे दोन घटक जिवंत होते. उपकरण-फाइलचे नाव नोंदीतून घ्यायचे आणि तीच फाइल उघडून परिवहन-मार्ग मिळवायचा, अशी तेथील पद्धती होती. नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी लायब्ररीही नोंदीत सांगितली जाई आणि प्रोग्रॅम चालू असताना ती जोडून घेतली जाई. म्हणजे एखाद्या संस्थेने नवा परिवहन-मार्ग तयार केला, त्याचे उपकरण व रूपांतर-लायब्ररी पुरविली आणि फाइलमध्ये एक ओळ वाढविली, तर आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमला तो मार्ग मिळू शकत होता. फाइल खऱ्या अर्थाने प्रणालीचे द्वार होती.

२००० च्या सुमारास नेटबीएसडी व त्यानंतर फ्रीबीएसडी या प्रणालींत परिवहन-निरपेक्ष कार्यवाहनाची ही लायब्ररी आली. लिनक्सवर ती ‘लिबटीआयआरपीसी’ या नावाने ओळखली जाते. जीएनयूच्या सी लायब्ररीने आपल्यातील जुनी कार्यवाहन फंक्शने टप्प्याटप्प्याने निवृत्त केली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.३२ या आवृत्तीत ती काढून टाकली. त्यामुळे लिनक्सवर या क्षेत्राची भिस्त मुख्यतः ‘लिबटीआयआरपीसी’वर आली आणि तिच्याबरोबर ‘नेटकॉन्फिग’ फाइलही घरोघरच्या प्रणालींत पोहोचली.

परंतु या प्रणाली सॉकेटवर आधारलेल्या आहेत. तेथे परिवहन-मार्ग उपकरण-फाइल उघडून मिळत नाही. त्यामुळे प्रचलित लिनक्स प्रणालीतील ‘नेटकॉन्फिग’ फाइल उघडून पाहिल्यास शेवटच्या दोन रकान्यांत केवळ आडव्या रेघा आढळतात. रकाने आहेत, आशय नाही.

याहून निर्णायक बाब लायब्ररीच्या अंतर्भागात आहे. नोंदीवरून प्रत्यक्ष सॉकेट तयार करताना ‘लिबटीआयआरपीसी’ नोंदीतील मार्गाचे नाव घेते आणि ते आपल्या मजकुरात आधीच लिहिलेल्या एका लहान तक्त्यात शोधते. ‘टीसीपी’, ‘यूडीपी’, ‘टीसीपी६’, ‘यूडीपी६’ यांसारख्या मोजक्या नावांना कोणते पत्ताकुल व कोणता प्रोटोकॉल लागू होतो, हे त्या तक्त्यात ठरलेले असते. फाइलमधील ‘प्रोटोकॉलचे कुल’ आणि ‘प्रोटोकॉलचे नाव’ हे रकाने वाचले जातात, स्ट्रक्चरमध्ये ठेवले जातात, पण सॉकेटचे पत्ताकुल आणि प्रोटोकॉल त्यांवरून ठरत नाहीत. फाइल उघडी आहे, तक्ता बंद आहे.

या एका तपशिलाचे परिणाम दूरगामी आहेत. व्यवस्थापकाने फाइलमध्ये नव्या मार्गाची ओळ लिहिली, तर ती वाचली जाईल, यादीत दिसेल, पण तिच्यावरून सॉकेट उभे राहणार नाही. कारण तक्त्यात ते नाव नाही. याउलट, त्याने ‘टीसीपी६’ व ‘यूडीपी६’ या ओळींपुढे टिप्पणीचे चिन्ह घातले तर ते मार्ग खरोखरच वगळले जातात. सहावी आवृत्ती बंद ठेवलेल्या लिनक्स सर्व्हरांवर फाइल-वाटपाच्या सेवा सुरळीत चालाव्यात म्हणून व्यवस्थापक हाच उपाय योजताना दिसतात. म्हणजे अधिकार उरला आहे तो वजाबाकीचा, बेरजेचा नाही. परिवहन-निरपेक्षतेचे आश्वासन देणारी फाइल आता परिवहन-निषेधाची यादी झाली आहे.

याला स्थलांतर करणाऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. सॉकेटच्या जगात मार्ग उघडण्यासाठी क्रमांकच द्यावे लागतात आणि नावावरून क्रमांकाकडे जाण्याचा काही तरी पूल लागतोच. दोष असलाच तर तो इंटरफेसच्या बाह्यरूपाने झालेल्या दिशाभुलीचा आहे. सातही घटक जसेच्या तसे राहिल्याने त्यांचे सामर्थ्यही तसेच राहिले असावे, असा वाचकाचा समज होतो. ज्या रकान्यांतील मजकूर मार्ग घडवीत नाही, ते रकाने मार्ग घडवितात असा भास टिकून राहतो.

८. काय टिकले?

या समूहाची यंत्रणा संकोचली असली तरी त्याची एक देणगी टिकली आहे, ती म्हणजे मार्गाचे नाव. जुन्या पोर्टमॅप पद्धतीत सेवेची नोंद करताना प्रोटोकॉल क्रमांकाने सांगितला जाई : टीसीपीसाठी ६, यूडीपीसाठी १७. १९९५ च्या आरएफसी १८३३ मध्ये वर्णिलेल्या आरपीसीबाइंड पद्धतीने क्रमांकाच्या जागी नाव आणि पोर्टच्या जागी ‘सार्वत्रिक पत्ता’ आणला. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता टिंबांनी जोडलेल्या सहा संख्यांचा असतो. पहिल्या चार संख्या संगणकाच्या, शेवटच्या दोन पोर्टच्या. उदाहरणार्थ, पोर्ट २०४९ हा ‘८.१’ असा लिहिला जातो, कारण आठ गुणिले २५६ अधिक एक म्हणजे २०४९.

नावाच्या या योजनेचा स्वीकार पुढे जाळ्यावरील फाइल-पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीनेही केला. तेथे एक संगणक दुसऱ्याला आपला पत्ता सांगताना मार्गाचे नाव आणि सार्वत्रिक पत्ता हीच जोडी पाठवितो. २०१० च्या आरएफसी ५६६५ नुसार या नावांची अधिकृत नोंदवहीही स्थापन झाली. मूळची एका संगणकापुरती असलेली नावे अशा रीतीने संगणकांमधील सामायिक भाषा झाली.

परिवहन-निरपेक्षतेचे मूळ ध्येय मात्र दुसऱ्याच फंक्शनने अधिक व्यापक प्रमाणात गाठले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेले आणि २००१ च्या पॉझिक्स मानकात समाविष्ट झालेले ‘गेटॲडरइन्फो’ हे ते फंक्शन. तेही संभाव्य पर्यायांची यादी देते आणि प्रोग्रॅमने ती क्रमाने अजमावावी अशी अपेक्षा ठेवते. परंतु यादीतील प्रत्येक घटकात सॉकेट उघडण्यास लागणारी सर्व मूल्ये तयार असतात. त्रुटीचा संकेतांक परतीच्या मूल्यातच मिळतो आणि संपूर्ण यादी एकाच हाकेत मिळत असल्याने ‘यादी संपली’ व ‘वाचन फसले’ यांत संदेह राहत नाही. मेमरीची मालकीही नि:संदिग्ध आहे. म्हणजे ‘गेटनेटकॉन्फिग’चा विचार तेथे आहे, त्याचे मौन नाही. तथापि वापरकर्त्याला आपली पसंती सांगता यावी यासाठी ‘नेटपाथ’सारखी सोय ‘गेटॲडरइन्फो’च्या मानकात नाही, हेही नोंदविले पाहिजे. जो अधिकार आधीच्या रचनेने अपुरेपणाने का होईना दिला होता, तो नंतरच्या रचनेने विचारातच घेतला नाही.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंगवरील सुप्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ट्रान्सपोर्ट लेयर इंटरफेसचे उत्तररूप आणि त्या अनुषंगाने ‘नेटकॉन्फिग’ यांचे विवेचन होते. त्यांच्या निधनानंतर इतरांनी सिद्ध केलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो विभाग गाळला गेला. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे. परंतु त्यामुळे विद्यार्थ्यासमोर सॉकेट हा एकमेव आणि जणू निसर्गदत्त मार्ग म्हणून उभा राहतो. वेगळी रचना शक्य होती आणि ती वापरातही होती, हे त्याच्या दृष्टीआड होते.

‘गेटनेटकॉन्फिग’ शिकविण्याचे खरे प्रयोजन यात आहे. ‘गेटनेटएंट’, ‘गेटनेटकॉन्फिग’ आणि ‘गेटॲडरइन्फो’ ही तीन फंक्शने शेजारी ठेवून वाचली, तर इंटरफेस-रचनेची दोन दशकांची वाटचाल एका तासिकेत उलगडता येते. फाइलमधील एक ओळ मुद्दाम सदोष करून यादी कोठे खंडित होते ते पाहणे, ‘नेटपाथ’मध्ये चुकीचे नाव लिहून मौन अनुभवणे, नवी ओळ वाढवून तिचा उपयोग होत नाही याचे कारण लायब्ररीच्या उघड्या मजकुरात शोधणे, ही तीन प्रात्यक्षिके साध्या लिनक्स संगणकावर करता येण्याजोगी आहेत. फाइलची आधी प्रत काढून ठेवावी, एवढीच दक्षता पुरेशी आहे.

१०. निष्कर्ष

(१) ‘गेटनेटकॉन्फिग’ समूहाने मार्गनिवडीचा निर्णय प्रोग्रॅममधून काढून व्यवस्थापक, वापरकर्ता आणि प्रोग्रॅमर यांच्यात विभागला. ही त्याची मौलिक कामगिरी होय.
(२) हँडलच्या योजनेमुळे तो ‘गेटनेटएंट’ समूहापेक्षा सरस ठरतो. परंतु हँडलची प्रकारविरहितता आणि मेमरीच्या मालकीतील संदेह यांमुळे ही सरसता अपुरी राहते.
(३) यादीची समाप्ती आणि वाचनातील त्रुटी यांना एकच खूण देणे व ‘नेटपाथ’मधील चुकांविषयी मौन पाळणे, हे त्याचे सर्वांत गंभीर दोष होत.
(४) सॉकेट-आधारित प्रणालींत येताना नोंदीचे बाह्यरूप टिकले, परंतु नवा मार्ग जोडण्याचे तिचे सामर्थ्य राहिले नाही. व्यवस्थापकाकडे केवळ मार्ग वगळण्याचा अधिकार उरला.
(५) यंत्रणेपेक्षा नावे अधिक टिकाऊ ठरली. मार्गांची नावे आज संगणकांमधील सामायिक परिभाषेचा भाग आहेत.

एखादा निर्णय फाइलमध्ये लिहिला म्हणजे तो लवचीक झाला, असे सर्रास मानले जाते. उपरोक्त चिकित्सा या समजुतीला मर्यादा घालते. फाइलमधील शब्द आणि प्रणालीतील कृती यांच्यामधला दुवा उघडा असेल तरच लवचीकता खरी असते. तो दुवा बंद तक्त्यात अडकला की फाइल उरते, फंक्शने उरतात, रकानेही उरतात, पण निर्णय पुन्हा प्रोग्रॅमच्या मजकुरातच जाऊन बसतो. म्हणून कोणत्याही इंटरफेसचे मूल्यमापन करताना तो काय वाचतो एवढे पाहून भागत नाही. वाचलेल्याचे तो पुढे काय करतो, हेही तपासले पाहिजे.